शुक्रवारचे विधेयक : नाथ पै आणि संसदेच्या अधिकाराचा वाद

लोकसभेच्या कामकाजात सर्वसाधारणपणे शुक्रवारच्या बैठकीचे शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांसाठी राखून ठेवलेले असतात, आणि या वेळात मांडल्या जाणाऱ्या विधेयकांना अशासकीय विधेयके म्हणतात. मंत्रिमंडळाचे पाठबळ नसल्यामुळे आणि मांडणाऱ्या सदस्याच्या मागे बहुमत क्वचितच असल्यामुळे अशी विधेयके बहुधा चर्चेपुरतीच उरतात. १९५२ पासून संसदेने संमत केलेल्या अशासकीय विधेयकांची संख्या अवघी चौदा भरते, आणि त्यांतले शेवटचे, सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांची कक्षा वाढवणारे आनंद नारायण मुल्ला यांचे विधेयक, १९७० साली कायदा होऊ शकले. या चौदांच्या यादीत राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव नाही. ७ एप्रिल १९६७ या शुक्रवारी त्यांनी लोकसभेत मांडलेले घटनादुरुस्ती विधेयक जवळजवळ पावणेचार वर्षे प्रलंबित राहिले आणि अखेर मतदानाविनाच संपले. तरीही संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार कुठवर चालतो, या स्वतंत्र भारतातल्या सर्वांत मोठ्या घटनात्मक वादाला संसदेच्या बाजूने आकार दिला तो याच विधेयकाने, आणि म्हणून एखाद्या सदस्याचे संसदीय कार्य मोजताना संमत विधेयकांची मोजदाद किती अपुरी पडते, याचे ते चांगले उदाहरण ठरते.

पंढरीनाथ बापू पै, म्हणजेच नाथ पै, यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्याला झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी भाग घेतला, पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि तेथील वास्तव्यात आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने भारलेल्या १९५७ च्या निवडणुकीत ते प्रजा समाजवादी पक्षातर्फे राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर आले आणि १९६२ व १९६७ साली त्याच मतदारसंघाने त्यांना पुन्हा निवडून दिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याचा प्रश्न, सीमाभागातील मराठी भाषकांचा प्रश्न, कोकण रेल्वेची मागणी, तसेच ज्यांच्या १९६० च्या संपाच्या नेतृत्वात ते स्वतः होते त्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे प्रश्न त्यांनी सभागृहात लावून धरले. महाराष्ट्रात त्यांची आठवण प्रामुख्याने अमोघ वक्ता म्हणून निघते; पण वक्तृत्वाच्या या कीर्तीमागे त्यांच्या संसदीय कामाचा कायदेशास्त्रीय भाग काहीसा झाकला गेला आहे.

हा भाग समजून घेण्यासाठी प्रथम जमिनीच्या प्रश्नाकडे वळावे लागते, कारण मूलभूत हक्कांच्या दुरुस्तीचा वाद उभा राहिला तो मुख्यतः मालमत्तेच्या हक्कावरून. पै ज्या दक्षिण कोकणाचे प्रतिनिधित्व करीत होते, तेथील जमीनव्यवस्था खोतीची होती. खोत हा गावाचा सारा सरकारात भरण्यास जबाबदार असलेला मध्यस्थ. तो कुळांकडून पिकाचा वाटा घेई, त्यातून सरकारी देणे भागवी, उरलेले स्वतःकडे ठेवी आणि अनेक गावांत कुळांना वेठीलाही धरी. या पद्धतीविरुद्ध १९३० च्या दशकात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी दीर्घकाळ संप चालवला, आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. तेही सत्तेबाहेरच्या सदस्याचे विधेयक होते आणि तेही त्या वेळी संमत झाले नाही. खोती कायद्याने संपली ती स्वातंत्र्यानंतर, मुंबई सरकारच्या १९५० च्या कायद्याने.

असे कायदे प्रांतोप्रांती होत असताना जमीनदार मालमत्तेचा मूलभूत हक्क व समानतेचा हक्क यांच्या आधारे न्यायालयात गेले, आणि समानतेच्या हक्काचा भंग होतो म्हणून बिहारचा जमीनदारी निर्मूलन कायदा पाटणा उच्च न्यायालयाने रद्द केला. त्यावर उपाय म्हणून १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती झाली आणि तिने राज्यघटनेला नववे परिशिष्ट जोडले. ज्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या भंगाच्या कारणावरून न्यायालयात आव्हान देता येऊ नये, त्यांची ही यादी होय. आरंभीच्या तेरा कायद्यांमध्ये मुंबई राज्याचा १९४८ चा कुळकायदा होता, कोकणातला खोती निर्मूलन कायदा होता आणि परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदाही होता. संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येतो की नाही हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तत्त्वचर्चेचा वाटत असला, तरी कोकणातल्या कुळाच्या पायाखालची जमीन त्या प्रश्नाशी अशी थेट बांधलेली होती.

राज्यघटनेच्या मजकुरात या प्रश्नाची दोन टोके आहेत. अनुच्छेद १३ सांगतो की, भाग तीनमध्ये दिलेले मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कोणताही कायदा राज्यसंस्थेने करू नये आणि केल्यास तो त्या मर्यादेपर्यंत शून्यवत ठरेल. अनुच्छेद ३६८ घटनादुरुस्तीची रीत सांगतो : प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते मिळाली पाहिजेत, व संघराज्याच्या रचनेशी संबंधित काही तरतुदींसाठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही हवी. घटनादुरुस्ती हासुद्धा अनुच्छेद १३ मधील ‘कायदा’ मानायचा काय, याचे स्पष्ट उत्तर मूळ मजकुरात नव्हते. संविधान सभेत विदर्भातील डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९४९ साली व्यक्तीच्या हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती कधीच करता येऊ नये अशा आशयाची उपसूचना मांडली होती, पण ती स्वीकारली गेली नाही. ती नाकारली गेली म्हणजे संविधान सभेला संसदेचा अधिकार अनिर्बंध ठेवायचा होता, असा अर्थ पुढे एका पक्षाने काढला; दुसऱ्या पक्षाच्या मते अनुच्छेद १३ च्या शब्दांतच ते संरक्षण आधीपासून होते.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला आरंभी संसदेच्या बाजूने उत्तर दिले. १९५१ च्या शंकरीप्रसाद खटल्यात पहिली घटनादुरुस्ती वैध ठरवताना न्यायालयाने म्हटले की, अनुच्छेद १३ मधील ‘कायदा’ म्हणजे संसदेने नेहमीच्या अधिकारात केलेला कायदा. घटनादुरुस्ती ही त्याहून निराळी गोष्ट आहे. १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने नवव्या परिशिष्टात आणखी ४४ कायदे घातले, तेव्हा सज्जनसिंग खटल्यात तोच प्रश्न पुन्हा आला आणि सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या बहुमताच्या निकालाने जुनीच भूमिका कायम राहिली. मात्र याच खटल्यात न्या. हिदायतुल्ला आणि न्या. ज. र. मुधोळकर यांनी वेगळी निकालपत्रे लिहून शंका नोंदवल्या. घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यात केलेला बदल ही निव्वळ दुरुस्ती मानायची की घटनेचा एक भाग नव्याने लिहिणे मानायचे, असा प्रश्न मुधोळकरांनी उपस्थित केला. पुढे भारतीय घटनाशास्त्राचा कणा ठरलेल्या सिद्धान्ताची ही पहिली चाहूल होती, आणि ती एका मराठी सरन्यायाधीशाच्या निकालाशेजारी दुसऱ्या मराठी न्यायमूर्तीने उमटवली होती.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी हे सारे उलटले. पंजाबातील जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाची पाचशे एकरांहून अधिक शेतजमीन होती आणि पंजाबच्या १९५३ च्या जमीनधारणा कायद्याखाली तिच्यातला मोठा भाग अतिरिक्त ठरला होता. या कुटुंबाच्या याचिकेवर अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सहा विरुद्ध पाच अशा फरकाने निकाल दिला की, घटनादुरुस्ती हाही अनुच्छेद १३ च्या अर्थाने कायदाच असून मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाही. सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांनी या निर्णयाला भविष्यलक्ष्यी परिणाम दिला, म्हणजे आधीच्या दुरुस्त्या व त्यांच्या आधाराने झालेले जमीनविषयक कायदे तसेच राहतील, पण यापुढे संसदेला भाग तीनला हात लावता येणार नाही. त्यामुळे कोकणातले खोती निर्मूलन किंवा पंजाबातली जमीनधारणेची मर्यादा धोक्यात आली नाही. मात्र ज्या अधिकाराच्या बळावर ते कायदे टिकले होते तो अधिकार संसदेकडे मुळात नव्हताच, असे आता ठरले होते. सोळा वर्षांच्या व्यवहाराखालचा पाया काढून घेऊन इमारत तेवढी उभी ठेवण्याचा हा प्रकार होता. मूलभूत हक्कांत बदल करणे अटळच झाले तर त्यासाठी नवी संविधान सभा बोलावता येईल, असेही निकालात सुचवले होते.

निकालाची वेळही लक्षात घ्यावी लागते. त्याच महिन्यात चौथ्या सार्वत्रिक निवडणुका झाल्या होत्या, अनेक राज्यांतली सत्ता काँग्रेसच्या हातून गेली होती आणि लोकसभेच्या ५२० जागांपैकी तिच्याकडे २८३ उरल्या होत्या. साधे बहुमत होते, पण घटनादुरुस्तीला लागणारे दोन तृतीयांश बहुमत काँग्रेसला स्वबळावर जमणार नव्हते. निकालाचे स्वागत करणारे स्वतंत्र पक्षासारखे गट विरोधी बाकांवर बळावले होते. सरन्यायाधीश सुब्बाराव यांनी एप्रिलमध्ये पदाचा राजीनामा देऊन विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, आणि या निवडणुकीत डॉ. झाकिर हुसेन यांनी त्यांचा पराभव केला. अशा तापलेल्या वातावरणात सरकारने स्वतःहून पाऊल उचलणे टाळले आणि ते पाऊल लोकसभेत अवघे तेरा सदस्य असलेल्या प्रजा समाजवादी पक्षाच्या बाकावरून, निकालाला चाळीस दिवस व्हायच्या आत, उचलले गेले.

नाथ पै यांच्या विधेयकाचा आशय मोजका होता. राज्यघटनेतील कोणतीही तरतूद, त्यात भाग तीनमधील मूलभूत हक्कही आले, विहित रीतीने दुरुस्त करण्याचा संसदेला अधिकार आहे, हे अनुच्छेद ३६८ मध्ये स्पष्ट शब्दांत नोंदवावे, एवढीच त्यातली मागणी होती. विधेयक नवा अधिकार मागत नव्हते. न्यायालयानेच १९५१ व १९६४ साली मान्य केलेला आणि आता एका मताच्या फरकाने नाकारलेला अधिकार पुन्हा शब्दांत मांडावा, अशी त्याची भूमिका होती. पै यांच्या युक्तिवादाचा गाभा लोकांच्या सार्वभौमत्वाचा होता. राज्यघटना लोकांनी स्वतःला दिलेली आहे, लोकांची इच्छा व्यक्त होण्याचे नित्याचे साधन प्रौढ मताधिकाराने निवडलेली संसद हे आहे, आणि म्हणून एका पिढीने लिहिलेला कोणताही शब्द पुढच्या पिढ्यांना कायमचा बदलता येणार नाही असे मानणे हे त्या सार्वभौमत्वालाच मर्यादा घालणे आहे, असे हे प्रतिपादन होते. आर्थिक विषमता कायद्याच्या मार्गाने दूर करता आली पाहिजे ही समाजवादी निष्ठा त्यामागे उभी होती; तो मार्ग बंद झाला तर बदलाची ओढ कायद्याबाहेरचे मार्ग शोधील, ही या पक्षाची भीती होती.

या मांडणीत एक बारकावा होता, आणि तो निसटला की पै यांची भूमिका केवळ सत्तेच्या सोयीची वाटू लागते. सरकारच्या हाती अधिक अधिकार द्यावेत असे म्हणणारा सदस्य स्वतः सत्ताधारी नव्हता. संपकरी कर्मचाऱ्यांच्या बाजूने सरकारच्या वटहुकमाविरुद्ध उभा राहिलेला आणि परकीय राजवटीची कोठडी पाहिलेला तो विरोधी सदस्य होता. संसद आणि सरकार यांत तो फरक करीत होता. संसद म्हणजे सत्ताधारी पक्षाचे बहुमत नव्हे. प्रश्न, स्थगन प्रस्ताव, समित्या आणि चर्चा यांमधून सरकारला उत्तर देण्यास भाग पाडणारी संस्था, ही त्याची कल्पना होती. अशी संसद मूलभूत हक्कांची शत्रू होईल हे गृहीत धरणे म्हणजे लोकशाहीवरच अविश्वास दाखवणे, असे या दृष्टीतून दिसत होते. पै यांच्या युक्तिवादाचे बळ या कल्पनेत होते आणि त्याचा दुबळा दुवाही तोच होता, कारण संसद खरोखर तशी राहील याची हमी युक्तिवादाच्या आत कुठेच नव्हती.

नेमक्या याच दुव्यावर विरोधकांनी बोट ठेवले. विरोध केवळ मालमत्तेच्या हक्काचा कैवार घेणाऱ्या उजव्या बाकांवरूनच झाला असता तर हा वाद साधा राहिला असता. परंतु संयुक्त समाजवादी पक्षाच्या बाकांवरूनही विरोध झाला, आणि त्यात राममनोहर लोहिया यांचे सहकारी मधू लिमये अग्रभागी होते. लिमये मूळचे पुण्याचे, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांनी बारा वर्षांची शिक्षा ठोठावलेले, आणि बिहारमधील मुंगेर येथून निवडून आलेले खासदार होते. संसदीय नियमांवरची त्यांची हुकमत सभागृहात सर्वांना ठाऊक होती. मालमत्तेच्या हक्काला पवित्र मानण्याचा त्यांच्याबाबतीत प्रश्नच नव्हता. पण भाग तीनमध्ये मालमत्तेच्या शेजारीच भाषणस्वातंत्र्य आहे, बेकायदा अटकेविरुद्धचे संरक्षण आहे, आणि एका हक्कासाठी उघडलेल्या दारातून पुढे दुसरे हक्कही बाहेर काढता येतील, ही या बाजूची चिंता होती. एकाच चळवळीत वाढलेले, एकाच भाषेचे, गोव्याच्या प्रश्नावर एकमेकांशेजारी उभे राहिलेले दोन समाजवादी सदस्य एका विधेयकाच्या दोन बाजूंना असावेत, यातच त्या विधेयकाने विचारलेल्या प्रश्नाची खोली कळते.

विधेयकापुढे तर्काची आणखी एक अडचण होती. मूलभूत हक्क दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला नाही असे सर्वोच्च न्यायालय सांगत असेल, तर अनुच्छेद ३६८ दुरुस्त करून तो अधिकार संसद स्वतःलाच कसा देऊ शकेल, असा आक्षेप घेतला जात होता. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे होते की, न्यायालयाचा निकाल घटनेच्या सध्याच्या शब्दांचा अर्थ लावतो. शब्दच बदलले तर अर्थही बदलेल, आणि अनुच्छेद ३६८ हा काही भाग तीनमध्ये येत नाही, तेव्हा तो दुरुस्त करण्यास गोलकनाथ निकालाचा अडथळा नाही. हा वाद शब्दच्छलासारखा दिसतो, पण त्यात एक मूलगामी प्रश्न दडलेला आहे : संसद ही घटनेने निर्माण केलेली संस्था आहे, की संविधान सभेच्या अधिकाराची ती वारसदारही आहे. पहिले खरे मानले तर निर्मितीला निर्मात्याची मर्यादा ओलांडता येत नाही, दुसरे मानले तर मर्यादा आखण्याचा अधिकारही तिच्याकडे जातो.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, म्हणजे लोकसभा व राज्यसभा यांच्या निवडक सदस्यांनी एकत्र बसून ते बारकाईने तपासावे असे ठरले, आणि १९६८ साली समितीचा अहवाल आला. एखाद्या अशासकीय विधेयकाने इतकी मजल मारणे हेच विरळा होते. पण अहवालानंतरच्या चर्चेला वेळ मिळणार तो पुन्हा शुक्रवारचाच. एका बैठकीत अर्धवट राहिलेले भाषण पुढे कित्येक दिवसांनी सुरू व्हावे, मधे अधिवेशन संपावे, पुन्हा क्रम लागावा, अशा खंडित गतीने ही चर्चा पुढे सरकत राहिली. सरकारने विधेयकाच्या तत्त्वाला अनुकूलता दाखवली, पण ते आपले म्हणून पुढे नेण्याची जबाबदारी घेतली नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये काँग्रेस फुटल्यावर तर सरकारचे साधे बहुमतही उरले नाही आणि दोन तृतीयांश मतांची बेरीज अधिकच दूर गेली.

दरम्यान संसद आणि न्यायालय यांच्यातले अंतर वाढत होते. फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द केला. संस्थानिकांचे तनखे बंद करण्यासाठी सरकारने आणलेले घटनादुरुस्ती विधेयक ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने, म्हणजे दोन तृतीयांशाचा अपूर्णांक न भरल्यामुळे, फेटाळले गेले. त्यानंतर राष्ट्रपतींच्या आदेशाने तनखे बंद करण्याचा प्रयत्न झाला आणि तोही न्यायालयाने डिसेंबरमध्ये अवैध ठरवला. २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप निकालात निघतात, आणि नाथ पै यांच्या विधेयकाचेही तेच झाले. १७ जानेवारीला, सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, ते बेळगावात बोलले आणि १८ जानेवारी १९७१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी अवघे अठ्ठेचाळीस होते.

मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या आणि शुक्रवारच्या अडीच तासांत अडकलेला विषय आता सरकारी कामकाजाच्या अग्रस्थानी आला. विधिमंत्री ह. रा. गोखले, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, यांनी जुलैअखेर चोविसाव्या घटनादुरुस्तीचे विधेयक मांडले. ४ ऑगस्ट १९७१ रोजी लोकसभेने ते ३८४ विरुद्ध २३ मतांनी संमत केले आणि ५ नोव्हेंबरला त्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. या दुरुस्तीने अनुच्छेद १३ घटनादुरुस्तीला लागू नाही असे स्पष्ट केले आणि अनुच्छेद ३६८ मध्ये लिहिले की, संसद आपल्या घटनाकारी अधिकारात, म्हणजे घटना घडवण्याच्या मूळ अधिकारात, घटनेतील कोणतीही तरतूद भर घालून, बदलून किंवा रद्द करून दुरुस्त करू शकते. शब्दरचना सरकारची होती आणि अधिक आक्रमक होती, पण आशय पै यांनी चार वर्षांपूर्वी मांडलेलाच होता. फरक होता तो परिस्थितीचा. जे विधेयक एका लहान पक्षाने प्रत्येक मत युक्तिवादाने मिळवावे लागेल अशा सभागृहात मांडले होते, तेच प्रचंड बहुमताच्या सभागृहात जवळजवळ निर्विवाद झाले.

चोविसाव्या दुरुस्तीची परीक्षा केशवानंद भारती खटल्यात झाली. तेरा न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे याचिकाकर्ते मठाधिपती केशवानंद भारती यांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ राज्याच्या बाजूने होमी सीरवाई असे मुंबईचे दोन विधिज्ञ आमनेसामने होते. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा फरकाने निकाल आला, म्हणजे या वेळीही पारडे एकाच न्यायमूर्तीच्या मताने झुकले. गोलकनाथ निकाल रद्द झाला, चोविसावी दुरुस्ती वैध ठरली, मूलभूत हक्कांसह कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार मान्य झाला. पण त्याच निकालाने अशी मर्यादाही घातली की, या अधिकाराचा वापर करून घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. नाथ पै यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने दोन भागांत मिळाले, आणि त्यातला एक भाग त्यांच्या बाजूचा तर दुसरा त्यांच्या विरोधकांच्या चिंतेचा होता.

ही चिंता कल्पनेतली नव्हती, हे दोनच वर्षांत दिसले. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. नाथ पै यांच्यानंतर राजापूरमधून निवडून आलेले प्रजा समाजवादी पक्षाचे प्रा. मधू दंडवते यांना दुसऱ्या दिवशी बेंगळूरु येथे अटक झाली, म्हणजे ज्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने संसदेच्या सर्वाधिकारासाठी विधेयक मांडले होते त्याच मतदारसंघाचा प्रतिनिधी संसदेच्या बाहेर, स्थानबद्धतेत, होता. १९७३ साली पोटनिवडणुकीतून बांका येथून लोकसभेत परतलेले मधू लिमये तुरुंगात होते आणि लोकसभेची मुदत वाढवण्याच्या निषेधार्थ त्यांनी १९७६ साली सदस्यत्वाचा राजीनामा दिला. विरोधकांचे अनेक बाक रिकामे असताना संसदेने बेचाळिसावी घटनादुरुस्ती केली, आणि तिने अनुच्छेद ३६८ मध्ये कोणतीही घटनादुरुस्ती कोणत्याही न्यायालयात प्रश्नास्पद ठरवता येणार नाही व संसदेच्या या अधिकारावर कसलीही मर्यादा नाही असे घातले. संसद आणि सरकार यांत पै यांनी केलेला फरक अशा वेळी पुसला जातो, कारण प्रश्न विचारणारी संसद नाहीशी होऊन बहुमत तेवढे मागे उरते.

१९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात या दोन तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. बहुमताचे निकालपत्र सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांचे होते, आणि १९७३ साली मूलभूत चौकटीची मर्यादा न मानणाऱ्या सहा न्यायमूर्तींमध्ये ते स्वतः होते. त्याआधी १९७८ साली जनता पक्षाच्या सरकारने, ज्यात दंडवते रेल्वेमंत्री होते, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या भागातून काढून त्याला साधा कायदेशीर हक्क केले. जमिनीच्या ज्या प्रश्नावरून सारा वाद उभा राहिला होता तो अशा रीतीने भाग तीनच्या बाहेर गेला. याच दुरुस्तीच्या मूळ मसुद्यात घटनेच्या काही मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करायचा असल्यास लोकांचे थेट सार्वमत घ्यावे, अशी तरतूद होती, पण काँग्रेसचे बळ असलेल्या राज्यसभेने ती गाळली. लोकांचे सार्वभौमत्व हा नाथ पै यांच्या युक्तिवादाचा आधार होता. त्या सार्वभौमत्वाला संसदेखेरीज स्वतंत्र वाट देण्याचा हा एकमेव गंभीर प्रयत्न खुद्द संसदेतच थांबला.

या घटनाक्रमात पै यांची बाजू चूक ठरली असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुराव्याला धरून होणार नाही. गोलकनाथ निकाल जसाच्या तसा टिकला असता तर भाग तीनमधील मालमत्तेचा हक्क आजही संसदेच्या आवाक्याबाहेर राहिला असता, आणि चव्वेचाळिसावी दुरुस्ती करणेच शक्य झाले नसते. दुसऱ्या बाजूने, लिमये आदींनी नोंदवलेल्या शंका सभागृहात नोंदल्या गेल्या नसत्या तर निरंकुश बहुमताचा धोका फक्त मालमत्ताधारकांना दिसतो असा समज पक्का झाला असता. शुक्रवारच्या त्या तुटक चर्चांनी मतभेदाची रेघ डावे आणि उजवे यांच्यामधून हलवून लोकशाहीवरच्या दोन प्रकारच्या विश्वासांमध्ये ओढली, आणि सदस्याच्या संसदीय कार्याचे मोल ठरवायचे तर ते या जागी ठरवावे लागते.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले आणि तो भाग रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात आला. राज्यघटनेची आजची प्रत उघडली तर अनुच्छेद ३६८ च्या आरंभी कोणतीही तरतूद दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार छापील अक्षरांत वाचता येतो. तेथे मूलभूत चौकटीचा उल्लेख नाही. नाथ पै यांना हवे होते ते घटनेच्या मजकुरात आहे, आणि त्यांच्या विरोधकांना हवी होती ती मर्यादा न्यायालयीन निकालांच्या खंडांत आहे, त्यामुळे भारताची राज्यघटना पुरती वाचू पाहणाऱ्याला ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवूनच बसावे लागते.